दोन व्याह्यांची एक दुर्बीण

घड्याळजींच्या मुलीने स्वतःचं लग्न ठरवलं आणि मुलाचे वडील पहिल्यांदा भेटायला आले, तो दिवस त्या घरातली घड्याळं अजून विसरलेली नाहीत. आधी आला तो त्यांचा आवाज. माणूस बऱ्याच वेळाने आला. त्या आवाजाने जिन्याचा कठडा हलला, कपाटातल्या बश्या एकमेकींना बिलगल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळातून दर तासाला बाहेर येऊन ओरडणारा लाकडी पक्षी अवेळीच बाहेर डोकावला, पाहुण्यांकडे एकवार बघून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. घड्याळजींनी नंतर ते घड्याळ उघडून पाहिलं. बिघाड काहीच नव्हता. पक्षी घाबरला होता, दुसरं काय!

पाहुणे मोटार चालवायला शिकवत. अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून रडलेलं होतं. "हळू, हळू, क्लच सोडा," हे ते चहा ओतणाऱ्यालाही सांगत. उलट घड्याळजी बोलताहेत की नुसता श्वास घेताहेत, हे त्यांच्या बायकोलाही जवळ जाऊन बघावं लागे. असे हे दोघं व्याही झाले आणि पक्ष्यांच्या नादाने एकमेकांच्या गळ्यात पडले. दर रविवारी सकाळी शिकाऊची पाटी लावलेल्या गाडीतून नदीकाठी जायचं. व्याह्यांच्या बोलण्याने जवळचे पक्षी उडून जात, मग लांबचे बघावे लागत. म्हणून दोघांत मिळून एक मोठी, तिपाईवर ठेवायची दुर्बीण घ्यायचं ठरलं.

नळी ठरली, तिपाई ठरली. गाडं अडलं ते डोळा लावायच्या तुकड्यापाशी, म्हणजे आयपीसपाशी. एक होता झूमचा; त्याचं कडं फिरवलं की वीसपटीपासून साठपटीपर्यंत कितीही मोठं बघा. दुसरा तीसपटीचा, ठरीव. त्याच्यावर फिरवायला काही नाही, पण चित्र रुंद आणि उजेड भरपूर.

"गिअर नसलेली गाडी कोणी घेतं का हो?" व्याही म्हणाले.

"माझं सगळं आयुष्य एका भिंगावर गेलं."

"म्हणून तर काट्यांपलीकडे काही पाहिलं नाहीत!"

या वादाला कंटाळलेला दुकानदार एके दिवशी दोघांना, दुर्बिणीला आणि दोन्ही आयपीसना घेऊन सरळ गच्चीवर गेला. समोर नदी होती. पात्राच्या मधोमध एका खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता.

घड्याळजी दुर्बिणीपासून दोन पावलं मागे सरकले. कारण ज्या उजव्या डोळ्यात भिंग बसवून त्यांनी संसार उभा केला, तो डोळा हल्ली धुरकट झाला होता. आधी त्यांनी घरातल्याच आपल्या दुकानातला दिवा बदलला, मग टेबल खिडकीशी सरकवलं, मग खिडकीची काच धुतली. "अहो, ही हौस स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येऊ द्या की," असं बायको म्हणाली तेव्हा ते नुसते हसले. सांगणार कसं? घड्याळजीचा डोळा गेला म्हटल्यावर कोणतं गिऱ्हाईक मनगटावरचं घड्याळ काढून देईल? आणि व्याह्यांना कळलं म्हणजे मुलीला कळलं, शिवाय नदीपलीकडच्या लोकांनाही. ठरीव आयपीसमधून थोडंफार भागत होतं. झूम साठावर नेला की सगळा काळोख.

व्याह्यांनी झूम बसवला आणि कडं थेट साठावर नेलं. "बघा! काय दिसतंय?"

"काळं दिसतंय."

"पाणकावळा काळाच असतो!"

"आजूबाजूलाही काळंच आहे."

"पाणी दिसत नाही?"

"पाण्यावरही पाणकावळेच बसले असावेत."

व्याह्यांनी स्वतः डोळा लावला. "अहो, मला त्याचा हिरवा डोळा दिसतोय!" एवढं बोलून ते एकदम गप्प झाले. ते गप्प झालेले आजवर कोणी पाहिले नव्हते, दुकानदारसुद्धा दचकला. शिकायला आलेल्या प्रत्येकाला व्याही पहिल्या दिवशी लांबच्या गाडीचा नंबर वाचायला लावत. न दिसणाऱ्या माणसांची उत्तरं त्यांच्या चांगली ओळखीची होती.

"व्याही, डावा डोळा लावा," ते घड्याळजींना म्हणाले.

"सवय नाही."

हे मात्र खरं होतं. उजवा डोळा एकट्याने मिटायला घड्याळजी कधी शिकलेच नव्हते. उजवा मिटायला जावं तर डावाच मिटे, तोंड वाकडं होई आणि कान हलत. शेवटी व्याह्यांनी आपला गिअर टाकणारा पंजा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि डोकं नळीशी नेलं.

पाणकावळा एकदम समोर आला. पिसांच्या कडांवर पाणी चमकत होतं. चोचीचं टोक वाकलेलं होतं. हिरवा डोळा तर थेट घड्याळजींकडेच बघत होता. ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले.

"कधीपासून?" व्याह्यांनी विचारलं.

"झाले काही महिने."

आता सगळी नदी हादरणार, म्हणून घड्याळजींनी अंग चोरलं. पण व्याही चक्क कुजबुजले, "मोतीबिंदू असेल. माझा नाही का, गेल्या वर्षी काढला."

"तुमचा? मला बोलला नाहीत!"

"मोटार शिकवणाऱ्याचा डोळा गेला हे कळल्यावर शिकायला कोण येणार? ऊन लागतं म्हणून काळा चष्मा लावला आणि फिरलो."

मग आवाज पूर्ववत करून ते दुकानदाराकडे वळले. "तो बिनगिअरचा बांधा!"

"पण तुम्हाला तर झूम..."

"मला शिकवू नका! यांना उजेड हवाय."

घड्याळजींच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. घरी येताच घड्याळजींना आपल्या दुकानात केवढी धूळ आहे ते कळलं, आणि आपल्याला ते कधीच कळलं होतं, हे बायकोने त्यांच्या हातात फडकं देऊन कळवलं. सैल पडलेल्या बारीक स्क्रूंच्या खाचा पुन्हा दिसायला लागल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या रविवारी दोघं नदीवर गेले. घड्याळजींनी ठरीव आयपीसला उजवा डोळा लावला. खांब लख्ख, पाणी लख्ख, पाणकावळा लख्ख. फक्त जरा लहान.

"व्याही," ते हळूच म्हणाले, "साठपट असतं तर त्याचा डोळा दिसला असता, नाही?"

व्याही यावर जे ओरडले त्याने दोन्ही काठांवरचे झाडून सगळे पक्षी उडाले.

दुकानदार विकलेला माल परत घेत नाही.