उसनी कौलं

मी कोर्टात मालकाला हरवलं, असं आळीत अजून सांगतात. मीही पुष्कळ वर्षं ते सांगू दिलं. आता लिहायला बसलोय, तर झालं तसं लिहितो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नगरात विणकरांच्या आळीत आम्ही भाड्यानं राहायचो. सगळी घरं एकाच मालकाची. माझा माग घरातच होता; जमिनीत खड्डा खणून, त्यात पाय सोडून विणायचं. असा माग उचलून दुसरीकडं नेता येत नाही. घर गेलं की धंदा गेला. मालकाला ते घर वखारीसाठी पाहिजे होतं. मी निघेना, तेव्हा दुरुस्तीच्या नावाखाली त्यानं गडी पाठवले आणि अर्ध्या छपराची कौलं उतरवून आपल्या अंगणात नेली. परत कधी बसवणार, विचारलं तर म्हणाला, "तू गेल्यावर."

माझं शिक्षण मराठी दुसरी. मिशनच्या शाळेतले एक मास्तर ओळखीचे होते. त्यांनी नव्या भाडेकायद्याचा कागद वाचून दाखवला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. वेळेवर भाडं देणाऱ्याला असं हुसकता येत नाही, हे छापलेलं होतं. अर्ज त्यांनीच लिहिला आणि बजावलं, "एक रात्रही घर सोडू नका. मालक म्हणेल, आपणहून गेला." सही मात्र मी केली. अंगठा दिला नाही.

कोर्टाचा माणूस पाहणीला यायचा होता, त्याच्या चार दिवस आधी आभाळ भरून आलं. मागावर लुगडं अर्धं झालेलं. शेजारीपाजारी आपापल्या छपराच्या खालच्या कडेची, वळचणीची कौलं काढून घेऊन दारात उभे राहिले. मी नको म्हणालो. उसनं घ्यायची मला सवय नव्हती. बायको म्हणाली, "घर मालकाचं, भिंती मालकाच्या, अभिमान तेवढा आपला. त्यो पांघरून पाऊस अडतोय व्हय?"

मी गुमान शिडी धरली. पाऊस आला, पण लुगड्यावर थेंब पडला नाही.

घोटाळा पाहणीच्या दिवशी कळला. कोर्टाच्या माणसानं वर बघितलं, तर छप्पर धड. अंगणातली रास मालकानं आधीच हलवलेली. तो शांतपणे म्हणाला, "बघा साहेब, कौलं जागेवर हायेत. माणूसच खोटा." कौलं शेजाऱ्यांची आहेत, असं मी सांगितलं, पण माझ्या सांगण्याला पुरावा काय? 

आळीच्या टोकाला विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरणारी एक म्हातारी राहायची. तीही त्याच मालकाची भाडेकरू. ती दारातून म्हणाली, "साहेब, वर काय बगता? भाईर या, आमच्या वळचणी बगा."

तो बाहेर आला. घराघराची खालची ओळ गेलेली, नुसते वासे दिसत होते, पुढचे दात पडल्यासारखे. कुणी काढली, त्यानं विचारलं.

"आमची आमी काढली," म्हातारी म्हणाली. "ह्याची कुणी काढली, ते मालकास्नी इचारा."

मालक तिथंच उभा होता. उद्या आपल्या छपरावर गडी चढतील हे तिला कळत नव्हतं, असं नाही. कोर्टाचा माणूस मान वर करून आळीभर फिरला आणि सगळं लिहून घेतलं.

पुढं कोर्टानं मालकाला कौलं परत बसवायला लावली. मी ज्याची त्याची कौलं नेऊन दिली. म्हातारीनं मात्र तिची सात घेतली नाहीत. म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुज्याच डोक्यावर. जरा वाकून चालशील."

मग तिच्या वळचणीला मी नवी सात आणून बसवली. ती ओळ तिरकी बसली, म्हणून मरेपर्यंत ती मला नावं ठेवायची. मी एकदाही उलट बोललो नाही.