मुलाण्याची सुरी

निजामी अमलात पाटोद्याच्या जत्रेत एक नाटक आलं होतं. त्यात पुजाऱ्याच्या कानात देवी बोलते आणि तो सख्ख्या भावाचा गळा कापतो. दुसऱ्या दिवशी देवळापुढं जो तो म्हणे, "देवीचाच हुकूम, पुजाऱ्याचा काय गुन्हा?" मीही मान डोलावली.

नवसाची बोकडं कापणारा म्हातारा मुलाणी तिथंच अंगठ्यानं सुरीची धार बघत होता. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "तीस वर्सं हितं सुरी चालवतोय. देवी एकदाबी 'काप' म्हणली न्हाई. माणसंच म्हणत्यात."

"देवीवर बोलतो बे?" पाटील खवळले.

"देवीवर न्हाई, मालक. तुमच्यावर."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. आमच्या नवसाच्या बोकडाचं दावं माझ्या हातात होतं, आणि रिवाजाप्रमाणं 'काप' मलाच म्हणायचं होतं.