दादाची चाळीस वाक्यं

माझा थोरला भाऊ वायरमन. घराबाहेर पडताना मेन स्विच खाली ओढायचा, हा त्याचा जन्माचा नेम. कॉम्प्युटरसुद्धा तो असाच बंद करी. इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. वहिनीची दृष्टी सहा वर्षांपूर्वीच गेलेली, म्हणजे पाटीवर लिहून दाखवायचीही सोय नाही. तेव्हा दादाने ठरवलं, रोज लागणारी चाळीस वाक्यं आपल्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून ठेवायची; बटण दाबलं की तिला ऐकू येतील. कॉम्प्युटर जुना, अडखळत चाले. दुरुस्तीवाल्याने त्यात वेग वाढवणारा एक प्रोग्राम घालून दिला.

आज करतो, उद्या करतो म्हणत दादा बसला तो थेट दवाखान्यात जायच्या सकाळी. 'मी आलोय.' 'पुढे पायरी आहे.' 'औषध घेतलंस का?' वहिनी भिंतीला टेकून हसत होती. मला म्हणाली, "जन्मभर यांच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागला, वन्सं. आता बघा कसे सुटलेत, तेही डब्यापुढे." शेवटचं वाक्य मात्र त्याने आम्हाला बाहेर काढून, दार लावून भरलं.

'सेव्ह झालं' हे पडद्यावर मी स्वतः वाचलं. खाली गाडी थांबली होती. कुलूप लागल्यावर मीच विचारलं, "दादा, मेन बंद केलास ना?"

कपाळाला हात लावून तो माघारी वळला. खटका मला जिन्यात ऐकू आला.

बारा दिवसांनी परतलो. फाइलचं नाव जागेवर होतं, आत काही नव्हतं. दुरुस्तीवाला खाली बघून सांगत होता, की तो प्रोग्राम सेव्ह केलेलं आधी मेमरीत धरून ठेवतो, डिस्कवर सवडीने उतरवतो. तेवढ्यात वीज गेली तर सगळं गेलं. हे आधी सांगायचं राहिलं, म्हणाला.

आता दादा घरात शिरला की वहिनी विचारते, "कोण?" तो दिव्याचा खटका दोनदा वाजवतो. ती मान हलवते.

मी जपाला बसते, तर देवाच्या नावाआधी माझाच तो प्रश्न ओठांवर येतो.

काल वहिनीने विचारलं, "शेवटचं काय भरलं होतं हो यांनी?" दादाने पाटी घेतली, लिहिलं, वाचून दाखव म्हणून माझ्यापुढे धरली. मी तोंड उघडणार, तोच त्याने ते तळहाताने पुसून टाकलं.