टोपलीत गेलेलं शेत

आमच्या घरात उंदरांची वस्ती माणसांपेक्षा जुनी होती, असं माझे सासरे म्हणायचे. वडीगोद्रीपासून दोन कोसांवर आमचं गाव. घर तीन खणांचं, खाणारी तोंडं नऊ, आणि वस्तू ठेवायला म्हणाल तर चार कोनाडे, देवाच्या वरची एक फळी अन् भिंतीतल्या खुंट्या. मी नवरी होऊन आले तेव्हा लुगडं कुठं ठेवावं ते कळेना. सासूबाईंनी दाराआडची एक खुंटी दाखवली. "ही तुझी," म्हणाल्या. बस. पुढं कितीतरी वर्षं माझा सगळा संसार त्या एका खुंटीवर होता.

मला शाळा न्हाई. आता लिहिते ती अक्षरं मी पन्नाशीत, लेकीच्या पोरांच्या पाटीवर शिकले. पण हात मात्र लहानपणापासून गप्प बसायचे न्हाईत. घरात काही लवंडलेलं, सांडलेलं, कोपऱ्यात सडलेलं बघितलं की माझा जीव तिथं अडकायचा. कांदे ढिगात सडायचे, तर जुन्या सुतळीचं जाळं विणून आढ्याला टांगले. वारा लागला, सडायचे थांबले. मडकी एकावर एक रचली की डुगडुगायची, तर फुटक्या घागरींचे गळे जपून ठेवले आणि प्रत्येक मडक्याखाली एक एक बसवला. तेलाचा रिकामा डबा आडवा कापून त्यात तिखटामिठाचे खण केले. एका पैशाचा खर्चा न्हाई. शाबासकी पण न्हाई. थोरली जाऊ म्हणायची, "आली बघा आमची सुतारीण. नवऱ्याला पण टांगून ठेव एखाद्या दिवशी."

शाबासकी दिली ती एकट्या सासऱ्यांनी, आणि ती जन्माला पुरली असती. ते दरसाल बियाण्याची ज्वारीची कणसं निवडून दोरीनं तुळईला टांगायचे, आणि दरसाल उंदीर त्याच दोरीवरून उतरून निम्मी खायचे. मी रॉकेलच्या डब्याचा पत्रा ताटाएवढा गोल कापला, मधोमध भोक पाडलं, दोरीत ओवला आणि खाली गाठ मारली. उंदीर दोरीवरून यायचा, पत्र्यावर पाय ठेवायचा की पत्रा कलायचा अन् तो धपकन खाली. त्या साली एक दाणा गेला न्हाई. पेरणीला गावातले लोक आमच्याकडं बियाणं मागायला आले. सासरे ओसरीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या पोरीचं डोकं माझ्या दोन्ही लेकांपेक्षा बरं हाय." थोरला लेक तिथंच बसला होता. तो पान जुळवत होता, जुळवतच राह्यला.

माझा नवरा धाकटा. माणूस गरीब गाय, पण दमेकरी. औत धरलं की बांध यायच्या आत धाप लागायची. सासऱ्यांना त्याचा भरवसा वाटत नव्हता. एके दिवशी ते अंबडला गेले आणि ओढ्याकडचं दोन एकर रान माझ्या चोळी-बांगडीला म्हणून लिहून घेऊन आले. चोळी-बांगडी म्हणजे काय, तर बाईनं आपल्या अंगावरच्या कपड्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघू नये म्हणून दिलेलं तिचं स्वतःचं. निजामाचं राज्य, सरकारी लिखापढी सगळी उर्दूत. कागद चांगला जाड, वर ठसा, खाली सासऱ्यांचा अंगठा आणि दोन साक्षीदार. त्यांनी तो उलगडून माझ्यासमोर धरला. "पोरी, हे तुझं." मी ठशावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "मामंजी, माझ्याजवळ ठेवू का?"

सासूबाई हसल्या. "कुठं ठेवशील? खुंटीला टांगशील काय?"

सगळे हसले. मी पण हसले. घरभरच्या वस्तूंना जागा करणारी मी, माझ्या कागदाला माझ्याजवळ जागा नव्हती. सासऱ्यांनी तो आपल्या दप्तरात, लाल कापडात बाकीच्या कागदांबरोबर बांधला आणि दप्तर देवाच्या वरच्या फळीवर ठेवलं.

दोन वर्षांनी सासरे गेले. त्या पावसाळ्यात भिंतीतून वाळवी चढली आणि फळीपर्यंत गेली. थोरल्या दिरानं दप्तर खाली काढलं.

आता इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडं थोरल्या दिराशी, म्हणजे भायाशी, सून बोलत नसे. भाया ओसरीवर असला की आपण दाराआड. काही विचारायचं झालं तर सासूला सांगायचं, सासू त्याला सांगणार, त्याचं उत्तर सासूकडून आपल्याला. मधे चार हाताचं अंतर असलं, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असलं, तरी असंच. सासऱ्यांशी दोन शब्द चालायचे, भायाशी एक पण न्हाई.

आणि दुसरं, त्या दिवसांत मला कागदाचं वेड लागलं होतं. जांबच्या जत्रेला गेल्तो तेव्हा एका म्हातारीजवळ मी कागदाच्या टोपल्या बघितल्त्या. कागद भिजवायचा, उखळात कुटायचा, त्यात मेथीचं वाटण घालायचं म्हणजे चिकटतो अन् किडा लागत न्हाई. मंग पालथ्या घागरीवर ओलं फडकं टाकून त्यावर लगदा थापायचा, सावलीत सुकवायचा, वरून हळद नाहीतर गेरू. हलकी, मजबूत टोपली. पण खेड्यात कागद मिळतो कुठं? दुकानाच्या पुड्या जपून जपून वर्षभरात एक टोपली झाली होती. म्हणून दप्तर खाली निघालं तेव्हा मीच म्हणाले, "आत्याबाई, वाळवीनं खाल्लेले कागद असतील तर मला द्या म्हणावं."

मी मागितले. हे आधीच सांगून टाकते.

भाया अंबडला चार वर्षं शिकला होता. घरात उर्दू येणारा तो एकटा. ओसरीवर बसून एकेक कागद उलगडायचा, ओठ हलवत वाचायचा आणि दोन ढीग करायचा. एक नव्या आणलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, एक माझा. मी दाराआडून बघत होते. एक कागद त्यानं बराच वेळ हातात धरला. मंग घडी घालून माझ्या ढिगावर ठेवला.

मी ढीग परसात नेला आणि फाडायला बसले. सगळे कागद पिवळे, भुगा झालेले, हात लावला की तुटायचे. तो एक तुटेना. उलगडला तर वर ठसा. तसे ठसे आणखी दोन-चार कागदांवर पण होते, तरी हा फाडवेना. उठून सासूबाईंकडं गेले.

"आत्याबाई, ह्याच्यावर ठसा हाय. विचारा ना, ठेवायचा काय?"

सासूबाई ओसरीच्या दारात गेल्या. "अरे, ती म्हणती ह्या कागदावर ठसा हाय."

तो मान वर न करता म्हणाला, "तिला सांग, ते आजोबांच्या वेळचं हाय. बाद झालं. तिचा कागद बराबर पेटीत ठेवलाय म्हणावं."

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "जा, तुझं काम कर."

मी तो फाडला. बाकीचे कागद तीन दिवसांत मऊ झाले. त्या जाड कागदाला पाच दिवस लागले. पण लगदा काय झाला म्हणता, लोण्यासारखा! तो ज्या टोपलीत घातला ती सगळ्यात छान झाली. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. जावेनं तीच उचलली, शेंगा ठेवायला.

पुढच्या थंडीत नवरा गेला. लेक दुधाचे दात पडायच्या वयाची. पेरणी जवळ आली तशी मी सासूबाईंकडून निरोप दिला की ओढ्याकडचं रान माझं म्हणून पेरा, त्याचं पीक वेगळं ठेवा. त्यावर भायानं चार जाणती माणसं ओसरीवर बोलावली. मला वाटलं, बरं झालं, चौघांदेखत होईल.

"कागद असंल तर दाखवा," तो म्हणाला. "मी न्हाई कशाला म्हणू?"

मी दाराआडून सासूबाईंना म्हटलं, पेटीत हाय. पेटी उघडली. सगळे कागद बाहेर काढले. नव्हता. साक्षीदारांतला एक मरून गेला होता. दुसरा तिथंच बसला होता, आमचंच रान बटाईनं करायचा. म्हणाला, "सही केल्ती मालक, पण कशावर केल्ती ते बिलकुल ध्यानात न्हाई."

भाया म्हणाला, "दप्तरातले कागद तिनं मागून नेले. आईला विचारा. टोपल्या तर साऱ्या गावानं बघितल्या."

त्या चौघांतला एक म्हातारा विनोदी होता. "म्हंजे सुनबाईनं आपलं शेत कुटून टोपलीत घातलं म्हणा की!" म्हणाला, आणि सगळे हसले. आत थोरली जाऊ पण हसली, मला ऐकू आलं.

मी दार ढकलून बाहेर आले. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघून बोलले. "तुम्हाला वाचता येत होतं. मला येत नव्हतं."

सगळे गप्प झाले. माझ्या बोलण्यानं न्हाई. सून भायासमोर उभी राहून बोलली म्हणून. "आत जा पोरी," विनोदी म्हातारा खाली बघत म्हणाला. "शोभत न्हाई."

मी सासूबाईंकडं बघितलं. 'बाद झालं, तिचा कागद पेटीत ठेवलाय' हे त्यानं त्यांनाच तोंडावर सांगितलं होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर पुरे होतं. त्यांनी माझा दंड धरला आणि मला आत नेलं. थोरल्याच्या घरी उरलेले दिवस काढायचे होते त्यांना, हे मला तेव्हा पण कळत होतं. तरी भायापेक्षा मला त्यांचाच राग जास्त. आज मी त्यांच्याहून म्हातारी झाले. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा न्हाई निवला, आणि निवला असं खोटं लिहिणार पण न्हाई.

माहेरी भाऊ होता, पण त्याचीच चार पोरं. मी तिथंच राह्यले. त्या साली ओढ्याकडच्या रानात कापूस पेरला आणि असा पिकला की काय सांगू. वेचायला मी होतेच, बाकीच्या बायांबरोबर. कापूस घरी आला तर ठेवायला जागा न्हाई. ओसरी भरली, माजघर भरलं, वर चुलीच्या ठिणगीची भीती. जाऊ म्हणाली, "अगं धाकटे, तुझं डोकं चालतं. सांग की कुठं ठेवावं."

दोन मोडक्या बाजा पडल्या होत्या. त्यांचं सुंभ सोडवलं, मोठं जाळं विणलं आणि चुलीपासून लांब, ओसरीच्या तुळयांना चारी कोपऱ्यांनी ताणून बांधलं. सगळा कापूस वर चढला, खाली माणसांना झोपायला जागा मोकळी. बांधताना मनात आलं, एक गाठ कच्ची ठेवावी. येऊ दे सगळं खाली झोपलेल्या भायाच्या अंगावर. तीन गाठी झाल्या होत्या, चौथी हातात होती. हात ऐकेनात. त्यांना वाईट बांधता येतच नव्हतं. मी पाय भिंतीला लावून ती पण ओढून ओढून पक्की केली आणि खाली उतरले.