नसलेला ब्रेक

त्याने त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या त्याच्या सासूबाई नव्हत्या आणि तो कुणाचाच जावई नव्हता. चौकातल्या बाकावर मित्रांची वाट बघत बसलेला कॉलेजातला एक पोरगा, एवढीच त्याची ओळख. समोरून शिकाऊ गाडीची पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी आली. चालवणाऱ्याचं सगळं लक्ष पलीकडच्या फुटपाथवर रंगलेल्या भांडणाकडे होतं आणि पुढे एक म्हातारे गृहस्थ पिशवी सावरत रस्ता ओलांडत होते. आता काही खरं नाही, म्हणून हा उठून उभा राहिला. पण गाडी त्या गृहस्थांच्या बरीच अलीकडे, कुणी उशी ठेवावी तशी अलगद थांबली. चालवणारा चकित होऊन स्टिअरिंगकडे बघत राहिला. शेजारी बसलेल्या बाई मात्र मांडीवर पर्स ठेवून, पाठ ताठ करून समोर बघत होत्या; जणू त्या गावच्याच नाहीत.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे त्याला नंतर कळलं. त्या क्षणी ती त्याला जादूच वाटली आणि त्याने बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा निराळी होती. चपला मागच्या सीटखाली ठेवायच्या. पेडल तळपायाला कळलं पाहिजे. समोर जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "सायकलवाला. उघडं फाटक. बॉल आला, म्हणजे मागून मूल येणार." ब्रेक दाबायची वेळ आली म्हणजे आधी बघितलं नाही, त्याचा तो दंड, असं त्यांचं ठाम मत. आणि दंड भरावा लागतो पेट्रोलने, हे त्या पुढे जोडायच्या. विद्यार्थी हळूहळू एक गोष्ट शिकत. बाईंचं पाऊल जरा हललेलं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की आपला पाय आपोआप उचलायचा. ते पाऊल पेडलपर्यंत पोचायच्या आत गाडी हळू झाली, तर बाई काही बोलत नसत, आणि बाई काही बोलल्या नाहीत की तो दिवस चांगला गेला असं समजायचं.

त्याची शिकवणी गरजेपेक्षा बरीच लांबली. स्कूलचा फोन संध्याकाळी बाईंची मुलगी घ्यायची, हे त्याचं खरं कारण. पुढे लग्न झालं, तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला लागला, आणि एक मजेशीर व्यवस्था रूढ झाली. घरात सासूबाई त्याला "अहो जावईबापू" म्हणत आणि आग्रहाने वाढत. गाडीत बसल्या की तो पुन्हा "अरे गाढवा" व्हायचा. तोही त्यांना आई न म्हणता शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिला. दोघांना यात काही गैर वाटत नव्हतं.

वाद सुरू झाला तो त्या पांढऱ्या गाडीवरून. तिचं वय झालं होतं. पुढच्या तपासणीत ती शिकवणीसाठी पास होणार नाही, असं मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं. तशीच जुन्या पद्धतीची दुसरी गाडी घ्यायची, नवी काही घ्यायची, की स्कूलच बंद करायचं, हे आता ठरवायचं होतं. मुलीला वाटत होतं आईने आराम करावा. जावयाला वाटत होतं, बाईंनी आराम केला तर त्या आठवड्याभरात सगळ्या घराला गाडीसारखं चालवू लागतील.

त्याच सुमारास शोरूममध्ये नवी गाडी आली होती. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही एकाच बॉनेटखाली. सिग्नलला इंजिन आपसूक बंद, हळू जाताना बरंचसं काम विजेवर, आणि लिटरला अठ्ठावीस. जेवणाच्या टेबलावर त्याने चमचा आणि काटा घेऊन इंजिन आणि मोटर कसे आळीपाळीने ओढतात ते दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"क्लच कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. लागतच नाही."

"मग डावा पाय करणार काय? बसून राहणार, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा?"

मुलीला ठसका लागला. बाईंचं म्हणणं असं, की अर्धं आयुष्य त्यांनी लोकांना क्लच सोडायला शिकवलं. क्लच नसलेल्या गाडीत शिकवायचं काय, रेडिओ लावायला? तसली गाडी घेण्यापेक्षा स्कूलची पाटी उतरवलेली बरी. आणि मायलेज इंजिनात नसतं, पायात असतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे लोक दर वर्षी नवं अंगण विकत घेतात, आणि विकणारे जावई त्यांना मिळतात.

जावयानेही माघार घेतली नाही. पाय कितीही चांगला असला तरी सिग्नलला उभं राहून जळणारं पेट्रोल तो वाचवू शकत नाही, हे त्याने ऐकवलं. बोलाचालीचा निकाल लागेना, तेव्हा मुलीनेच तोडगा काढला. दोन रविवार, रस्ता तोच: भर बाजारातून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. निघताना पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, परत येऊन पुन्हा भरायची, जेवढं मावेल तेवढं जळलं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी बसून लबाडी होत नाही ना बघायचं. ती स्वतः मागे बसणार. नवी गाडी जिंकली तर बाईंनी ती घ्यायची. हरली, तर स्कूल बंद करायचं म्हटलं तरी कुणी अडवायचं नाही.

पहिल्या रविवारी बाईंनी जुनी गाडी चालवली. म्हातारी गाडी त्यांच्या हातात मांजरासारखी चालली. लिटरला एकवीस. मेकॅनिकने हे ऐकून कानाला हात लावला.

जावयाने एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. अठ्ठावीस हा आकडा माहितीपत्रकातला होता. तो स्वतः चालवायचा तेव्हा नवी गाडी जेमतेम बावीस द्यायची. गिऱ्हाइकंही हीच तक्रार घेऊन येत, आणि तो त्यांना टायरमधल्या हवेबद्दल काहीतरी सांगून परत पाठवायचा.

दुसऱ्या रविवारी तो नव्या गाडीत बसला. शेजारी बाई, मांडीवर पर्स, पाठ ताठ. बाजार तुडुंब होता. समोरच्या छोट्या पडद्यावर बाण फिरत होते, कधी इंजिनाकडून चाकांकडे, कधी बॅटरीकडून. काही वेळाने बाईंना राहवलं नाही.

"हा बाण उलटा का जातोय?"

त्याने सांगितलं की पाय लवकर उचलला किंवा ब्रेक हळूच दाबला, तर चाकंच मोटर फिरवतात आणि बॅटरी भरते. वाया जाणारा वेग परत मिळतो.

"आणि उशिरा, जोरात दाबला तर?"

"मग साधा ब्रेक लागतो. नुसती उष्णता. परत फारसं काही मिळत नाही."

टेकडीवरच्या टाकीपर्यंत बाई एकदा रस्त्याकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिल्या. परतीच्या उतारावर तर त्या उलट्या बाणाकडे अशा बघत होत्या, जसं एखाद्या अबोल विद्यार्थ्याने अचानक बरोबर उत्तर द्यावं.

पंपावर पेट्रोल भरलं. हिशेब आला एकतीस. जावयाने पंपावरच्या माणसाला मीटर पुन्हा बघायला लावला. एकतीसच. माहितीपत्रकाहूनही जास्त. तो खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून आला, आणि बाईंसाठी दार उघडताना त्याची नजर खाली गेली.

बाईंच्या पायाशी अंथरलेली चटई पुढे सरकून चुरगळली होती. उजव्या पावलाच्या जागी तिला चांगली घडी पडली होती. त्या जागी शिकवणीच्या गाडीत ब्रेक असतो. इथे काहीच नव्हतं.

मागून बायको म्हणाली, "कळलं का आता? आईचा पाय हलला की तू पाय उचलतोस. सबंध रस्ताभर तेच चाललं होतं. बाजारात तर तुम्ही दोघं मिळून एकच गाडी चालवत होता."

जिंकलेला माणूस गप्प राहिला असता तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं. पण बाईंच्या शेजारी बसून खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने बावीसची गोष्ट सांगून टाकली; टायरमधल्या हवेसकट.

बाई हसू लागल्या. आधी पर्सवर हात ठेवून, मग पर्स बाजूला ठेवून. हसता हसता त्यांनी चटई पायाने सरळ केली.

"म्हणजे इंजिन तुझं आणि पाय माझा," त्या म्हणाल्या. "गाढवा, एवढी शहाणी गाडी लोकांना विकतोस आणि चालवायला शिकवत नाहीस? जो आधी बघतो त्याला ही दंड परत करते. मी इतकी वर्षं ओरडून सांगितलं, हिने बाण काढून दाखवला."

"पण क्लच?" त्याने भीत भीत विचारलं.

"क्लचचं काय घेऊन बसलास. डाव्या पायाला सुट्टी. त्याचं वय झालंय."

घरी पोचेपर्यंत त्या त्याला तूच म्हणत होत्या. दारात शिरल्यावर मात्र, "जावईबापू, हात धुऊन घ्या, जेवायला बसू."

जुनी पांढरी गाडी बाईंनी तंत्रशाळेला देऊन टाकली. मुलं तिचं इंजिन उघडून शिकतात. नव्या गाडीत मेकॅनिककडून शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला. शोरूममध्ये मायलेजची तक्रार घेऊन कुणी आलं, की जावई आता टायरचं नाव काढत नाही, बाईंचा पत्ता देतो. त्यामुळे हल्ली त्यांच्याकडे शिकाऊ कमी आणि वर्षानुवर्षं गाडी चालवलेले मोठे लोकच जास्त येतात. रोज सकाळी ते चपला काढून मागच्या सीटखाली ठेवतात, आणि समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगत बाजारातून जातात.