काकूंच्या मातीची तालीम

मेल्यावर आपल्या मातीला लोकांनी सुरात गावं, म्हणून जिवंतपणी त्यांची तालीम घेणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती.

काकू साकोलीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाच्या छोट्या चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. दुसरी पेटी घरी होती आणि अख्खा संसार तिच्यावर चालायचा. घड्याळ त्यांनी कधी पाहिलं नाही. भात चार कडव्यांचा, वरण सहा. डाळ जुनी असेल तर धृपद दोनदा. मुलं लहान असताना त्यांना हाका मारणं काकूंना गावंढळ वाटायचं. थोरल्याला खालचा सूर, धाकट्याला वरचा. वरचा सूर तापला की धाकट्याची आज काही खैर नाही हे सगळ्या गल्लीला कळायचं. चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की काकू डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने, एक सूर हलकेच धरून ठेवायच्या. पाळकसाहेब मुकाट्याने प्रार्थनेवर यायचे.

काकूंचं डावं मनगट मोडून वाकडं बसलं तेव्हापासून पेटीचा भाता काकांकडे आला. काका म्हणजे काकूंचे यजमान, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पेटीच्या पलीकडे बसून ते हवा घालायचे आणि अलीकडे काकू वाजवायच्या. काका जोरात आले की काकू भर उपासनेत ओरडायच्या, "अजी, घाट चढून राहिले का? हळू!" गीत संपल्यावरही भाता हलत राहिला तर आणखी बोलणी. "सूर नाही तं हवा कायले? रिकामी गाडी चालू ठेवून डिझेल जाळता का?" काका हसून हात मांडीवर ठेवायचे. चाळीस वर्षं एसटीच्या पाशिंजरांचं ऐकलेला माणूस, त्याला हे काय जड!

काकूंना सगळ्यात मोठा राग मातीला बेसूर गाणाऱ्यांचा. "रडा ना बाप्पा, पण पट्टीत रडा!" हे त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलंय, एका शिक्षकाच्या मातीला. गीत मध्येच थांबवून त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं, त्या शिक्षकाच्या बायकोसकट. मी हादरले. ती बाई मात्र डोळे पुसून खरंच सुरात गायला लागली.

मग एकदा काकूंच्या ध्यानात आलं की सगळ्यांना पोचवायला त्या आहेत, त्यांना पोचवायला पेटीवर कोण? मुलं पुण्याला. मुलं म्हणाली, "आई, मोबाईलवर लावून देऊ."

"माझ्या मातीले मोबाईल? अन् मधात कोणाचा फोन आला म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या. "तुले पेटी शिकाची आहे. माझ्या मातीले तू वाजवशील."

माझ्या हातातले कागद खाली पडले. "काकू, मी मारुतीला जाणारी बाई!"

"मंग जा ना. मारुती नाही म्हंते का?"

"पण मीच काहून?"

"तू रडत नाही म्हणून. तुझ्या सासूच्या मातीले पाहून राहिली होती ना मी. सगळे रडत होते अन् तू चहाचे कप मोजत होती."

दर शनिवारी दुपारी मी जायला लागले. मी पेटीवर, काका भात्यावर, मंडळीतल्या बायका रांगेत, आणि मयत स्वतः समोर उभी राहून चुका काढते आहे. एका शनिवारी मातीचं गीत ऐकून रस्त्यावरच्या कोणीतरी कोंढ्याला काकूंच्या बहिणीला काकू गेल्याचं कळवलं. ती बिचारी मिळेल त्या गाडीने, दारापासून हंबरडा फोडत आत आली. काकूंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आलीच आहेस तं दुसऱ्या ओळीत उभी राह्य. तिथं आवाज कमी पडून राहिला."

म्हणून त्या गुरुवारी सकाळी काका फाटकाशी येऊन म्हणाले, "तुझी काकू गेली," तेव्हा मी म्हटलं, "तालीम शनिवारी ना?"

काका म्हणाले, "भात मांडला होता तिनं. मी अंगणात होतो, तं बिनहवेचं, नुसत्या गळ्यानं म्हणत होती. तिसऱ्या कडव्यापर्यंत ऐकू आलं मले."

मी धावत गेले. काकू पेटीवर डोकं टेकून बसल्या होत्या. भात करपत होता. मी गॅस बंद केला. कोंढ्याला फोन लावला तर बहीण म्हणाली, "मी नाही येत वो. मांगच्या वेळी पाय दुखले उभं राहून." तिला शपथ घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी पेटीवर बसले. समोर काका, नेहमीसारखे भात्यावर. मंडळी इतकी सुरात गायली की अंगावर काटा आला. तिसऱ्या कडव्याला माझी एक पट्टी चुकली. मी दचकून वर पाहिलं, पण कोणीच ओरडलं नाही.

गीत संपलं. काकांचा हात थांबेना. पेटीत नुसती हवा चाललेली.

"काका, झालं," मी हळूच म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि हवा घालत राहिले.

रिकामी गाडी चालू ठेवायची नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. मी पुन्हा पहिल्या कडव्याला हात घातला. दुसऱ्या ओळीतून कोंढ्याच्या बहिणीने सूर उचलला, मागोमाग बाकीच्यांनी. मला ज्या गुणासाठी नेमलं होतं, तो ह्या दुसऱ्या फेरीत टिकला नाही. पट्टी मात्र मी सोडली नाही.