चाकणच्या ज्वारीला पाहुण्यांसाठी घातलेली आंघोळ

चाकणला कुणी सहलीला जातं का? सूनबाईंनी हसत हसत विचारलं, आणि मी तेवढ्याच तोऱ्यात म्हणालो, "मी जातो. तापलेली ज्वारी बघायला." माझी पुतणी मृणाल तिथे एका कारखान्याच्या मागे, कारखान्याच्याच शेतावर संशोधन करते. पिकाची तब्येत मोजणं हे तिचं काम. डॉक्टर जसा कपाळाला हात लावतो तसा ती पानाला कॅमेरा लावते. तिचा फोन आला होता, "काका, शुक्रवारी या. ज्वारी फुलोऱ्यात आलीय आणि पाणी तोडून बरेच दिवस झालेत. कुठलं वाण तहान सोसतं ते आता कळेल. या आठवड्यासाठीच तर सगळा हंगाम राबलेय."

सकाळच्या थंडीत कासारवाडीहून निघालो. नाशिक फाट्यावर बस मिळते, पण बसायला जागा हवी असेल तर शिफ्टची गर्दी ओसरल्यावर जा. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल. कधीकाळी सायकलवरून याच रस्त्याने जायचो तेव्हा दोन्ही बाजूंना पिकं वाऱ्यावर हलायची आणि मी चौथीच्या कविता मोठ्याने म्हणत पॅडल मारायचो. आता दोन्ही बाजूंना कंटेनर उभे. ते हलत नाहीत, आणि आपणही नाही.

शेजारी कंपनीचा गणवेश घातलेला तरुण होता. मी घड्याळ बघतोय हे पाहून म्हणाला, "आजोबा, घड्याळ बघू नका, बीपी वाढंल. ह्यो चाकणचा ट्रॅफिक हाय."

"रोज असंच?"

"रोज कुठं? कधीकधी लईच बेकार असतंय."

चाकणच्या तळेगाव चौकात उतरून मिसळ खाल्ली. सत्तर रुपये, रस्सा दोनदा, पाव ताजे. तिथून शेअर रिक्षा. शेताचं नाव कुणाला माहीत नसतं, कारखान्याचं गेट सांगावं लागतं.

गेटवरच माझं डोकं सणकलं. कडेच्या दगडांना ताजा पांढरा-पिवळा रंग, नर्सरीतून भाड्याने आणलेल्या कुंड्या, ओल्या रंगाचा वास. सगळी नोकरी मी या पट्ट्यात गिअर तपासण्यात काढली, मला हा वास ओळखू येतो. ऑडिट असलं की आमच्याकडेही गळक्या मशीनवर रंग मारायचे. तेल गळतच राहायचं, फक्त दोन दिवस दिसायचं नाही. म्हणजे आज कुणीतरी बडे पाहुणे येणार होते.

मृणाल शेताच्या बांधावर बसली होती. मला बघून उठली नाही. समोर ज्वारी उभी होती, हिरवीगार, ताठ, पानं मोकळी सोडलेली.

"छान दिसतेय की!" मी म्हणालो.

"तेच तर, काका. छान दिसायला नको होती."

तिने कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. तहानलेलं पान आपली बारीक रंध्रं मिटून घेतं, मग त्याचा घाम थांबतो आणि ते तापतं. पडद्यावर तसं पान नारिंगी दिसतं. इथे ओळीच्या ओळी निळ्या होत्या. गार. पोटभर प्यायलेल्या.

बाजूला शेतावर काम करणाऱ्या हौसाबाई नळी गुंडाळत होत्या. मी विचारलं, "पाणी कुणी सोडलं?"

"मीच सोडलं की. काल सांजच्याला सायेब म्हनले, पाव्हनं येत्यात, सुकल्याली ज्वारी बघून काय म्हंतील? समद्यांना आंघोळ घाला. मृणालताईंना इचारू का म्हनलं, तर म्हनले मी हाय ना." मग नळी आपटून म्हणाल्या, "आता सायेब न्हाई आन् ताईंच्या डोळ्याला पानी!"

साहेब होते, मंडपात होते. कारखान्याच्या प्रशासनाचे बोरकर, छातीला स्वागताचा बिल्ला लावलेले. मी सरळ गेलो.

"अहो, या पोरीचा हंगाम बुडवलात तुम्ही."

"काका, शांत व्हा. पाणीच घातलंय, विष नाही. उलट पीक टवटवीत झालं!"

"टवटवीत करायचं नव्हतं! उपाशीपोटी रक्त तपासायचं असतं तेव्हा रुग्णाला श्रीखंड-पुरी वाढता का?"

"फोटोत वाळकं पीक कसं दिसेल, सांगा ना. मॅडम, पाहुण्यांना आकडे तेवढे दाखवा. कुठलेही चालतील."

कुठलेही चालतील! सगळं अंग पेटलं माझं. शाळेतल्या कवितांमध्ये झाडं नेहमी डोलायची, हसायची, गाणी म्हणायची. मला त्या अजून आवडतात. पण झाडाला तहान लागली तर ते काय करतं, हे एकाही कवितेने मला सांगितलं नव्हतं. ते विचारणारं माणूस आमच्या घरात जन्मलं, आणि या गृहस्थाने झाडाचं तोंडच बंद केलं.

मंडपाकडून परत येताना मला एक फ्लेक्स दिसला. बांबूंना बांधलेला, त्यावर हिरव्यागार शेताचं चित्र. मागे डोकावलो तर ज्वारीची एक ओळ, पानं सुरळीसारखी गुंडाळलेली, कडा करपलेल्या. नळी तिथवर पोचली नव्हती, म्हणून तिच्यापुढे चित्र उभं केलं होतं.

गाड्या आल्या. पाहुणे उतरले, फोटोवाला मागे-मागे सरकू लागला. मी फ्लेक्सची दोरी सोडली. माझी बोटं म्हातारी आहेत, पण गाठ ढिली होती. फ्लेक्स फडफडत खाली आला.

पाहुण्यांतल्या एक बाई थबकल्या. "ही एकच ओळ का वाळली?"

बोरकर घाईने म्हणाले, "रोग आहे, मॅडम, थोडासा."

"रोग नाही," मृणाल पुढे आली. "हीच ओळ बरोबर आहे. बाकीच्यांना काल पाणी घातलं गेलं. आता तुलना कशाशी करू? आज दाखवण्यासारखा एकही आकडा माझ्याकडे नाही."

बाईंनी मान हलवली, "अरेरे" म्हणाल्या, आणि मग सगळे जेवायला गेले. बस्स. एवढंच झालं. मृणाल मात्र त्या एका ओळीपुढे बसली आणि पानामागून पान मोजत राहिली.

"आता याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"वाणाची निवड होणार नाही, काका. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं. पण ही एवढे दिवस तहान सोसत उभी आहे. हिला न विचारता कशी जाऊ?"

परतीला बस मिळाली, उभ्यानेच आलो. घरी पोचेपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर कारखान्याचा फोटो आला होता. मृणाल मध्यभागी, मागे हिरवी ज्वारी. खाली "काय हिरवंगार!" आणि अंगठ्यांचे ढीग. मी फोटो मोठा करून बघितला. ती वाळलेली ओळ कडेने कापून टाकली होती.

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरवायची मला घाईही नाही. तुम्हीही जरूर जा. रस्ता वाईट आहे, मिसळ चांगली आहे, आणि पान तापलेलं पडद्यावर बघणं ही खरोखर बघण्यासारखी गोष्ट आहे. फक्त एक करा. येतोय म्हणून आधी कळवू नका.